गावात तिसरी

बाईंनी तिसऱ्या नंबरचे पेढे वाटले तेव्हा मी पहिल्या नंबरची होते, आणि तो मला माझा अपमान वाटला.

गावात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळा तीनच. त्यामुळे तिसरा नंबर म्हणजे शेवटचा, हे पहिलीतल्या पोरालाही कळत होतं. पण बाई पेढ्यांचा पुडा घेऊन फाट्यावर उभ्या राहिल्या. एसटीच्या कंडक्टरपासून पंक्चरवाल्यापर्यंत प्रत्येकाच्या हातावर त्यांनी पेढा ठेवला. "कशाचे ओ बाई?" असं कुणी विचारलं की मान ताठ करून सांगायच्या, "गावात तिसरी आले." लोक म्हणायचे, "अरे वा!" मी पहिली आले होते आणि मला 'अरे वा' म्हणायला कुणी शिल्लक राहिलं नव्हतं. वर माझ्याही हातावर पेढा आलाच. "घे गं. पहिल्या नंबरवाल्यांनाही चालतो," म्हणाल्या.

गाव कळवण तालुक्यातलं. एक शाळा गावठाणात, डांबरी रस्त्याला लागून. ती माझी. दुसरी मळ्यात. तिथले सर दरवर्षी दुसरे यायचे आणि दरवर्षी त्यात खूश असायचे. त्यांच्याविषयी सांगण्यासारखं एवढंच. तिसरी वर डोंगराच्या अंगाला, पाड्यावर. ती बाईंची. एकच शिक्षिका, एकच खोली, पुढे एक पडवी. माझ्या शाळेत मी, आणखी एक शिक्षक, पालकांनी वर्गणी काढून घेतलेला मोठा टीव्ही आणि भिंतीवर रंगवलेली रेल्वेगाडी.

नंबर काढायची कल्पना सरपंचांची. ते तरुण होते, नाशिकला कॉलेज करून आलेले. स्पर्धेशिवाय विकास नाही, असं ते प्रत्येक भाषणात सांगत, आणि ते बोलत असताना मी पहिल्या रांगेत बसून मान हलवत असे. जानेवारीत दोन निवृत्त गुरुजी तिन्ही शाळांत जाऊन मुलांचं वाचन, पाढे, गणितं तपासत. पटावरच्या प्रत्येक मुलाला गुण मिळत, गैरहजर असेल त्याला शून्य. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की निकाल, आणि संध्याकाळपर्यंत फाट्यावर फ्लेक्स. त्या फ्लेक्ससाठी मी कळवणला स्टुडिओत जाऊन मुद्दाम फोटो काढून घेतला होता. हनुवटीवर बोट ठेवलेला. शिक्षिका विचार करताना दिसली पाहिजे, असं फोटोग्राफरचं म्हणणं. तेव्हापासून माझा फोटो ऊन, धूळ आणि कावळ्यांच्या कृपेखाली फाट्यावर विचार करत उभा असायचा. एका वर्षी तो जरा बारीक छापला गेला, तर मी छापणाऱ्याशी भांडायला गेले. बाईंचा फोटो त्याहून बारीक होता, त्यात त्यांचे डोळेही मिटलेले होते. त्यांनी त्याची एक प्रत मागून घेतली आणि शाळेच्या दारावर लावली.

बाई तेव्हा किती वर्षांच्या असतील, हे मला माहीत नव्हतं. दुसऱ्याच्या वयाची चौकशी करावी इतका मला दुसऱ्यांत रस नव्हता. काटक, काळ्यासावळ्या, केसांना मेंदी, आणि एक जुनी स्कूटी. ती चढावर थांबली की बाई उतरून तिची पाठ थोपटायच्या आणि तिला सांगायच्या, "घाई नाय. दम खा." डोक्यावर कायम हेल्मेट. तालुक्यात त्या हेल्मेटची ख्याती होती. मीटिंगमध्ये कुणी साहेब फार वेळ बोलायला लागले की बाई शांतपणे मांडीवरचं हेल्मेट उचलून डोक्यात घालायच्या, पट्टा लावायच्या आणि काच वर करून म्हणायच्या, "हं साहेब, बोला. ऐकतेय मी." कुणी त्यांना रागवायचं नाही. एकदा एका साहेबांनी रागवून बघितलं, तर बाईंनी काच खाली केली.

नंबर सुरू झाल्यापासून बाई प्रत्येक गोष्टीला नंबर द्यायला लागल्या होत्या. "मॅडम, तुझा आजचा चहा गावात दुसरा बरं का." "फाट्यावरचा खड्डा यंदाही प्रथम. त्यानं सातत्य ठेवलंय." सरपंचांच्या नव्या जाकिटाला त्यांनी भर चौकात उत्तेजनार्थ दिलं होतं. सरपंचांना आधी ते कौतुक वाटलं, आणि घरी गेल्यावर वाटेनासं झालं.

मी एकदा काही कागदांवर सही घ्यायला पाड्यावर गेले होते. पडवीत मुलं बसलेली. एका मुलीला बाईंनी साताचा पाढा विचारला. ती पस्तिसाला अडखळली. माझ्या हाताच्या बोटांनी आपोआप टेबल शोधलं, वाजवायला. बाई मात्र डोंगराखालच्या रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "निघालाय का गं पुढचा पाढा?"

"निघालाय बाई."

"कुठवर आला असंल?"

मुलीनं विचार केला. "कळवणला चहा प्यायला थांबलाय."

"मग येऊ दे. वाट बघ तू. मधून मधून उठून बघत जा मात्र."

बाईंच्या शाळेत कुणाला काही 'येत नाही' असं नसायचंच. ते अजून पोचलेलं नसायचं. भागाकार घाटात असायचा, जोडाक्षरं स्टँडवर उभी असायची. एका पोराचं अख्खं इंग्रजी म्हणे नाशिकहूनच सुटलं नव्हतं. मला हे अगदी हास्यास्पद वाटलं. संध्याकाळी नवऱ्याला फोनवर सांगून मी पोट धरून हसले. नवरा सातपूरला एका कारखान्यात शिफ्टमध्ये काम करायचा, त्या दिवशी तो रात्रपाळीहून येऊन झोपलेला होता. तो एवढंच म्हणाला, "मग आला का शेवटी?"

"काय?"

"पाढा."

मला माहीत नव्हतं. मी सही घेऊन निघून आले होते.

पाच-सहा वर्षं असं चाललं. मग एका पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत सरपंचांनी विषय काढला. पाड्यावरची शाळा कायम तिसरी येते, पट कमी झालाय, तेव्हा ती गावठाणच्या शाळेत विलीन करावी. तसा ठराव तालुक्याला पाठवू, मुलांना चांगली शाळा मिळेल. "आपल्या मॅडमसारखी शिक्षिका मिळेल," ते माझ्याकडे बघून म्हणाले. मी नम्रपणे खाली बघितलं. खाली बघण्याचा मला चांगला सराव झाला होता.

पाड्यावरचे चार-पाच बाप्ये मागे दाराशी उभे होते. त्यांच्यातला एक म्हणाला, "पोरं बारकी हायेत. नाला आडवा हे. पावसात कशी येतील?"

"सवय होईल," सरपंच म्हणाले. "चांगल्या शाळेसाठी थोडं चालायला पायजे."

तेवढ्यात बाई उठल्या. हेल्मेट डोक्यातच होतं. त्यांनी ते काढलं, खुर्चीवर ठेवलं. बाईंनी बोलण्यासाठी हेल्मेट काढलेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

"सरपंच, फ्लेक्सवर फोटो कुणाचा असतो?"

"तुमचा बाई. शिक्षकांचा."

"पोरांचा नसतो?"

"नसतो."

"मग तिसरा नंबर माझा. शाळेचा न्हाई. बंद करायची तर मला करा. मला आणा खाली, पहिल्या नंबरच्या मॅडमला पाठवा वर. जानेवारीत बघू काय होतं ते. मग करा काय करायचं ते."

सभेत हशा पिकला. मग हशा थांबला आणि लोक विचार करायला लागले, हे फार वाईट झालं. कुणीतरी म्हणालं, "बरोबर हे की." दुसरा म्हणाला, "मॅडमची पद्धतच भारी हाय. कुठंबी चालंल." माझी पद्धत. गेली पाच वर्षं मी माझ्या पद्धतीवर तालुकाभर व्याख्यानं देत होते. रंगीत पत्ते, कृतीगीतं, टाळ्यांचे तीन प्रकार. आता मी उठून 'नको' म्हणाले असते, तर त्याचा एकच अर्थ निघाला असता.

"माझी तयारी आहे," मी म्हणाले. टाळ्या पडल्या. मला अजून आठवतं, त्या टाळ्या ऐकून मला क्षणभर बरंसुद्धा वाटलं.

तालुक्याच्या गटशिक्षणाधिकारी साहेबांच्या तोंडी परवानगीनं अदलाबदल झाली. गणपती उठले आणि मी रंगीत पत्त्यांची पिशवी घेऊन पाड्यावर चढले. चढले म्हणजे, नाल्यापर्यंत गाडी गेली, पुढे पायी. नव्या सँडलचा एक पट्टा नाल्याच्या अलीकडे तुटला, दुसरा पलीकडे. मी शाळेत पोचले तेव्हा मुलं पडवीत ओळीनं उभी होती आणि माझ्या अनवाणी पायांकडे आदरानं बघत होती. त्यांना वाटलं असावं, शाळेत यायचं म्हणून मी पायातलं काढून आलेय.

माझी पद्धत तिथे मंगळवारपर्यंत टिकली. कृतीगीत म्हटलं तर मुलं कृती करायची, गीत म्हणायची नाहीत. गीत म्हणायला लावलं तर कृती थांबायची. मी बोलत होते ती माझी पुस्तकी मराठी. मुलं घरी कोकणी, म्हणजे इथल्या कोकणा आदिवासींची बोली बोलायची. मी एक प्रश्न विचारला की ती आपापसांत त्याचं काहीतरी करायची, हसायची, आणि मग सगळ्यात मोठी मुलगी, सुमन, माझी दया आल्यासारखं मला सांगायची, "बाई, तुम्ही काय म्हनतात ते यान्ला कळलं. तुम्ही म्हनतात तसं नाय कळलं, पन कळलं." टाळ्यांच्या तीन प्रकारांपैकी एकही जमेना. पडवीच्या पत्र्यावर पाऊस इतका वाजायचा की टाळी ऐकू येत नव्हती.

शनिवारी मी बाईंना फोन केला. विचारायचं होतं, या मुलांना शिकवायचं कसं. पण माझ्या तोंडून निघालं, "बाई, शाळेची किल्ली जरा अडकते का हो?"

"अडकते," बाई म्हणाल्या. "उलटी फिरव आधी. मग सुलटी." जरा थांबून म्हणाल्या, "पोरं नागलीची भाकर आणत असतील. खात जा त्यांच्यासंगती. सुमनच्या आईची भाकर पाड्यात पहिली हे."

मी खाल्ली. खरंच पहिली होती. जेवताना मुलं माझ्याशी बोलायला लागली. मी त्यांचे शब्द चुकीचे उच्चारले की ती हसून लोळायची, आणि मग माझे शब्द बरोबर म्हणून दाखवायची. म्हणजे शिक्षण चालू होतं, फक्त विद्यार्थिनी मी होते. पहिलीतला रोहिदास मला रोज एक शब्द शिकवायचा आणि दुसऱ्या दिवशी विचारायचा. मी विसरलेली असले की रस्त्याकडे बघून म्हणायचा, "निघालाय, येईल." पोराचा स्वर इतका समजूतदार असायचा की मला रडू यायचं बाकी असायचं.

दिवाळीपर्यंत मुलं वाचायला लागली होती. सगळी नाही, पण बरीच. मी मनात फ्लेक्स छापून टाकला. पाडा प्रथम. फोटो नवीन काढायचा, पाठीमागे डोंगर.

दिवाळीची सुट्टी संपली, मी शाळा उघडली, आणि पडवीत सहा मुलं.

"बाकीची कुठं आहेत रे?"

"गेली," आजीपाशी मागे राहिलेली सुमनची धाकटी बहीण म्हणाली. सुमनही गेली होती. पाड्यातली निम्मी घरं पिकअपमध्ये बसून निफाड, दिंडोरीकडे द्राक्षांच्या कामाला गेली होती. आता होळीलाच येणार. दरवर्षीच जातात. हे बाईंना माहीत होतं, पाड्याला माहीत होतं, तालुक्याला माहीत होतं. ज्यांच्याशी तुलना होऊन मी पाच वर्षं जिंकत होते, ती मुलं तपासणीच्या दिवशी गावातच नसायची. पटावरच्या त्यांच्या नावांपुढे शून्य पडायचं, आणि त्या शून्यांवर माझा फोटो उभा होता.

मी तडक सरपंचांकडे गेले. "तपासणी जानेवारीत घेऊ नका. होळीनंतर घ्या. माझी मुलं गावात नाहीत."

सरपंच खरोखर गोंधळले. "पण मॅडम, जानेवारी तर तुम्हीच सुचवला होता. आठवतं का? अभ्यासक्रम झालेला असतो, म्हणाला होतात."

मला आठवलं. चांगलं आठवलं. मी तशीच उठून बाईंकडे, म्हणजे माझ्याच शाळेत, गेले. बाई मोठ्या टीव्हीसमोर मुलांना घेऊन बसल्या होत्या. टीव्ही बंद होता. काळ्या काचेत मुलं आपापली तोंडं बघून त्यांचं वर्णन सांगत होती.

"बाई, तुम्ही इतकी वर्षं काही बोलला का नाहीत? तारखेबद्दल?"

"बोलले असते तर काय झालं असतं?"

"दुसऱ्या आला असता!"

"दुसरी येऊन काय मिळतं गं? तो मळ्यातला सर बघ. मिळालं का काही त्याला?"

"पण मुलांवर अन्याय आहे हा."

"अन्याय हे की," बाई म्हणाल्या. "आता तू म्हणतीयेस ना? म्हण की मोठ्यानं. तुला भाषण येतं."

जानेवारीत तपासणी झाली. गावठाण प्रथम, मळा द्वितीय, पाडा तृतीय. फ्लेक्सवर पहिल्या जागी बाईंचा डोळे मिटलेला फोटो, आणि खाली कोपऱ्यात मी, हनुवटीवर बोट ठेवून. त्या कोपऱ्यात ते बोट फारच केविलवाणं दिसत होतं.

मला वाटलं होतं, आता तरी लोकांना कळेल. माणसं बदलली, नंबर तेच राहिले, म्हणजे नंबर माणसांचे नव्हते, एवढं साधं गणित. लोकांनी वेगळं गणित मांडलं. "बाई लई हुशार निघाल्या," पारावर चर्चा झाली. "मॅडम मात्र बिघडली. वर जाऊन लक्ष उडालं तिचं." एका पालकानं तर मला सल्ला दिला, "मॅडम, बाईंची पद्धत काय ती जरा विचारून घ्या."

आणि सरपंचांनी ठराव तालुक्याला पाठवला. पहिल्या नंबरच्या मॅडमलाही पाड्याचं काही करता आलं नाही, तेव्हा शाळा बंद करणेच योग्य, असं त्यात लिहिलं होतं. मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

लोक आज म्हणतात, मॅडमनं पाड्याची शाळा वाचवली. मी त्यांना दुरुस्त करत नाही, पण इथे सांगते. मला मुलांची काळजी होती, हे खरं. त्याहून मोठी काळजी माझ्या नाकाची होती. 'हिच्या हाताखाली शाळा बंद पडली' असं माझ्या नावापुढे कायमचं लागणार होतं. मी तालुक्याला खेटे घातले. साहेबांना कुठला चहा चालतो, कुठल्या वेळी ते ऐकतात, शिपायाशी काय बोलायचं, हे सगळं मला पाठ होतं. इतकी वर्षं मी फोटोसाठी कमावलेली विद्या होती ती. शेवटी साहेब म्हणाले, "प्रत्यक्ष पाहणी करतो."

"होळीनंतर या साहेब," मी म्हणाले. "मुलं तेव्हा येतात."

होळीला पिकअप आल्या. दुसऱ्या दिवशी पडवी भरली. सुमन उंच झाली होती, हात खरखरीत झाले होते. ती आल्या आल्या माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, "बाई, तुम्ही अजून हायेत?"

"का गं? जाणार होते का मी?"

"आम्हाला वाटलं, गेल्या असतील."

साहेब जीपमधून आले. जीप डोंगराला वळसा घालून कच्च्या रस्त्यानं वरपर्यंत आली, त्यामुळे त्यांना पाडा काही फार लांब वाटला नाही. त्यांनी मुलांना वाचायला लावलं. काहींनी वाचलं, काही अडखळली. साहेब 'ठीक आहे' म्हणाले. त्या 'ठीक आहे'चा अर्थ मला ठाऊक होता. तो ठरावावर सही करायचा 'ठीक आहे' होता.

"साहेब," मी म्हणाले, "जीप पुढे गावठाणच्या शाळेत जाऊ द्या. आपण मुलांच्या वाटेनं चालत जाऊ. शाळा बंद झाली तर मुलं ज्या वाटेनं येतील, ती एकदा बघून घ्या."

मार्चचं दुपारचं ऊन. साहेबांचे बूट पॉलिश केलेले. पहिल्या उतारावर त्यांनी रुमाल काढला, दुसऱ्या उतारावर तो डोक्याला बांधला. नाल्यात पाणी नव्हतं, नुसते गोटे होते. पाणी पावसाळ्यात कुठवर येतं ते आमच्याबरोबर निघालेल्या रोहिदासनं आपल्या गळ्याशी हात लावून दाखवलं. पलीकडच्या चढाला लागलो आणि साहेब एका आंब्याखाली बसले.

"अजून किती आहे?"

"निम्मं झालंय साहेब."

त्यांनी एक बूट काढून त्यातली माती झटकली. मग त्यांनी रोहिदासकडे बघितलं. "एवढंसं पोर इथवर आल्यावर करेल काय?"

"बसेल साहेब," मी म्हणाले. "तुमच्यासारखंच."

बोलून गेले आणि जीभ चावली. पण साहेब हसले. उठताना त्यांनी माझ्या हाताचा आधार घेतला. पुढच्या आठवड्यात ठराव नामंजूर होऊन परत आला. अंतराच्या कारणावरून शाळा पाड्यावरच ठेवावी, असं त्यावर लिहून आलं होतं.

मी ही बातमी घेऊन बाईंकडे धावले. वाटलं होतं, बाई मिठी मारतील, डोळे पुसतील. बाई गृहपाठाच्या वह्या तपासत होत्या. "बरं झालं," म्हणाल्या. मग वही बंद करून म्हणाल्या, "काय गं, ही अदलाबदल पक्कीच करून टाकू का? माझे गुडघे आता चढ म्हणत नाहीत. इथं रस्त्यावर बरंय मला."

मला धक्का बसला. मला वाटत होतं, बाईंचा जीव पाड्यात आहे, वर्ष संपलं की परत वर जायला मिळेल म्हणून त्या मे महिन्याची वाट बघत असतील. दुसरीकडे माझाही तिथून पाय निघत नव्हता, पण तो प्रेमानं, असं म्हणायची सोय नाही. तिसरी आलेल्या जागेवरून तिसरीच असताना निघून जायचं, हे मला पटत नव्हतं. एखादं वर्ष राहू, निदान दुसरी येऊ, मळ्यातल्या सरांना तरी हलवू, मग बघू. दोघींनी अर्ज केला. तो मंजूर झाला.

त्याच्या पुढच्या वर्षी मे महिन्यात बाई निवृत्त झाल्या. मला ते निरोपाच्या कार्यक्रमाचं निमंत्रण आलं तेव्हा कळलं. गावठाणची त्यांची जागा जून उजाडायच्या आत भरली. डांबरी रस्त्याची शाळा, मोठा टीव्ही, कोण नाही म्हणेल? तीन जण त्या जागेसाठी साहेबांकडे बसून होते, असं मळ्यातल्या सरांनी मला सांगितलं. मी त्या दिवशी नाल्यातल्या गोट्यांवरून वर चढत होते. मध्येच थांबले. बाई पाड्यावरून निवृत्त झाल्या असत्या तर? पाड्यावरच्या जागेसाठी साहेबांकडे कोण बसलं असतं? जागा रिकामी राहिली असती. वर्षभर शिक्षक नाही म्हणून पोरं घरी बसली असती, मग पट घटला म्हणून शाळा बंद. त्या वेळी कुणाला ठरावही करायला लागला नसता.

बाई आता देवळाली कॅम्पला लेकीकडे असतात. जावई फौजेत. गेल्या डिसेंबरात एका शनिवारी मी त्यांच्याकडे गेले. बाजारामागच्या गल्लीत दोन खोल्या, दारात तुळस. बाईंनी केसांची मेंदी सोडून दिली होती, सगळे पांढरे झाले होते. त्यांनी चहा टाकला, चिवडा काढला. लांब कुठेतरी तोफांचा सराव चालू होता. कपाटातली भांडी अधूनमधून थरथरत होती आणि बाईंना त्याचं काही वाटत नव्हतं.

मी विचारलं, "बाई, तुम्हाला निवृत्ती दिसत होती. त्या ग्रामसभेतच दिसत होती. हो ना?"

"आपली निवृत्ती कुणाला दिसत नाय?"

"मग मला आधी सांगितलं का नाहीत? म्हणाला असता, पोरी, पाडा सांभाळ. मी आले असते की."

"आली असतीस?"

मी चिवड्यातले शेंगदाणे वेचू लागले.

"दोन वर्षं माणूस शोधत होते मी," बाई म्हणाल्या. "चांगल्या मनाच्या पुष्कळ जणी होत्या. एकीला विचारलंही होतं. ती आली असती, वर्षभर जीव लावला असता, आपल्या हातून पुण्याई झाली असं वाटलं असतं, आणि बदली करून घेऊन समाधानानं गेली असती. चांगल्या माणसांचं समाधान लवकर होतं गं. मला समाधान न होणारं माणूस पायजे होतं." त्यांनी माझ्या बशीत चिवडा वाढला. "तू फोटो बारीक आला म्हणून छापणाऱ्याशी भांडलीस, त्या दिवशी ठरवलं. म्हटलं, हीच."

मला राग यायला हवा होता. आलाही. "म्हणजे माझ्या हावरटपणावर शाळा चालवताय तुम्ही?"

"चालतेय ना?"

"आणि मी सोडून गेले तर?"

"पहिली आल्याशिवाय तू तिथून हलणार नाहीस," बाई म्हणाल्या, "आणि पहिली काही तू येत नाहीस."

मी चहाचा घोट घेतला आणि मला ठसका लागला. बाईंनी पाठ थोपटली. खोकला थांबल्यावर मी म्हणाले, "यंदा येते की नाही बघा. तपासणी होळीनंतर घ्यायला लावली आहे मी. सरपंचांना लिहून द्यायला लावलंय."

"पट किती हे आता?"

मी आकडा सांगणार होते. पण सुमन आश्रमशाळेत गेली, सुट्टीत येते तेव्हा लहान मुलांना पडवीत घेऊन बसते, हे आधी सांगायला हवं होतं. मग रोहिदासचं, तो चौथीत आहे आणि मला अजून रोज एक शब्द विचारतो. मग त्याच्या मागच्या बेंचवरच्या मुलीचं, जी वर्षभर बोलली नाही आणि परवा एकदम भांडलीच. मग या वर्षी कोण कोण निफाडला गेलं, त्यातल्या कुणाला तिथल्या शाळेत बसवून आले, तिथल्या बाईंशी कसं बोलणं झालं, कोण थंडीत आजारी पडलंय. लेकीनं दिवा लावला, भाजी निवडली, कणीक भिजवली. बाई गुडघ्यावर हात ठेवून ऐकत होत्या, मधेच एखाद्याच्या आजीचं नाव विचारत होत्या. कळवणची शेवटची बस नाशिकहून सुटून गेली असणार, हे मला माहीत होतं, आणि मी अजून दुसरीतल्या मुलांपर्यंतच आले होते.